खाट नंबर सतरा

तिसऱ्या रविवारी भक्ती संपली की
वेदीमागच्या कपाटातून मी डबा घेते:
पाळकसाहेबांनी आशीर्वाद मागितलेली, चौकोनी कापलेली भाकर,
आणि बाटलीत तासगावच्या बेदाण्यांचा रस,
जो शनिवारी रात्री मीच उकळून गाळलेला असतो.
यादीत माझं नाव कमिटीनं घातलं.
मी होकार दिल्याचं आठवत नाही.
नकार दिल्याचंही नाही.

मिरज सोडून मालगाव रस्त्याला लागलं
की आधी कोल्ड स्टोरेज, मग वजनकाटा, मग वृद्धाश्रम.
फाटकाशी खुर्ची टाकून अब्बासचाचा शिकलगार.
पन्नास वर्षं सतारी केल्या,
आता बोटं वळत नाहीत, कान मात्र शाबूत.
"पेटीचा गंधार उतरलाय बाई,
मागच्या खेपेलाच सांगितलं होतं."
आमची गीतं त्यांची नव्हेत,
तरी शेवटचं कडवं होईतो ते उठत नाहीत.
सूर फारच घसरला की डोळे मिटून घेतात,
आणि आमच्या पोरांना वाटतं
चाचा प्रार्थना करतायत.

खिडकीजवळच्या खाटेवर शलोमी आवळे सिस्टर.
मिशनच्या दवाखान्यात एकेचाळीस वर्षं.
मुलीचं नाव विचारलं तर छताकडे बघतात.
भाकर हातावर ठेवली तर खात नाहीत,
माझंच मनगट धरतात,
भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे बघत
पूर्ण मिनिटभर नाडी मोजतात.
मग कानाशी येऊन:
"सतरा नंबर गेला.
माझी रात्रपाळी होती.
मी टेबलावर डोकं टेकलं.
नुसतं टेकलं हो."

कधीची गोष्ट, विचारलं,
तर म्हणाल्या, सुकडी वाटायचो त्या वर्षीची.

पहिल्या महिन्यात मी वचन वाचून दाखवलं.
दुसऱ्या महिन्यात म्हटलं, देव क्षमा करतो सिस्टर.
"देवाचं मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या,
"त्याच्या बायकोचं विचारतेय.
ती मागच्या वऱ्हांड्यात
तीन दगडांवर भात शिजवत होती."

पाळकसाहेबांना सांगितलं.
ऐकून घेणं हीसुद्धा सेवाच, म्हणाले
आणि स्कूटरला किक मारली.
मी सातवीला गणित शिकवते.
हातचा एक कुठे ठेवायचा ते मला कळतं.
हे नाही कळत.

या रविवारी मात्र तोंडून निघूनच गेलं:
सतरा नंबर घरी गेला सिस्टर.
पहाटे ताप उतरला.
चालत गेला. बायको पुढे होती,
डोक्यावर भाताचं पातेलं.

नाडीवरची बोटं हलली नाहीत.
"डिस्चार्ज कार्ड कुणी लिहिलं?"
मी.
"सही?"
डॉक्टरांची होती.
"गोळ्या बांधून दिल्या? कशा घ्यायच्या ते समजावलं?
त्याला वाचता येत नव्हतं."
समजावलं. सूर्य उगवल्यावर एक, मावळल्यावर एक.

बाहेर वजनकाट्यावर कुठलासा ट्रक
मागेपुढे, मागेपुढे करत राहिला.
मग सिस्टरनी भाकर तोंडात घातली,
हिरड्यांनी सावकाश भिजवत खाल्ली.
पेला मी धरला.
रस हनुवटीवर ओघळला, तो माझ्याच पदरानं टिपला.
डाग निघणार नाही. बेदाण्याचा निघत नाही.

रविवारच्या शाळेत खोटं बोलणाऱ्या पोराला
मी दहा मिनिटं उभं करते.
दारापर्यंत गेले तेवढ्यात
माझी किती मिनिटं होतील त्याचा हिशेब चालला होता.
पेटी रिक्षात चढवून पोरं हॉर्न देत होती.
चाचा त्यांना ओरडत होते,
आडवी ठेवू नका रे, आडवी ठेवू नका.

"अहो बाई,"
मागून आवाज आला, अगदी ड्यूटीवरचा,

"आणि अठरा?"

अठराबद्दल मला काहीच सुचेना.
मी डबा परत खाली ठेवला,
स्टूल ओढलं
आणि मनगट पुढे केलं.