रेघेवरची फळी

हरभट रोडवरच्या आमच्या दुकानात
भिंतीवर माझ्या कपाळाच्या उंचीला एक तपकिरी रेघ आहे.
एकोणीस साली कृष्णामाई इथवर आली होती.
रंगारी म्हणाला, पुसू. मी म्हटलं, राहू दे.
हिशेबाला बरी पडते.
रेघेखाली भिजलं तरी चालेल असा माल,
चेंडू, भोवरे, शिट्ट्या.
रेघेवर, काचेआड, कुलपात
मोठ्या माणसांची खेळणी.

पूर्वी मोठी माणसं यायची ती बोटाला मूल धरून.
पोर रडायचं, बाप घासाघीस करायचा,
मी पाच रुपये सोडायचे.
आता बाप एकटाच येतो.
घासाघीस करत नाही.

हळदीच्या पेढीवरचे मुजावर
दर पगाराला एक एसटी नेतात,
लाल, वीतभर, मागं शिडी, टपाला कठडा.
पाटी सांगली–तासगावच हवी.
"अब्बा त्याच गाडीला होते."
"गिफ्ट पॅक करू?"
"भाच्याला आहे," म्हणतात,
आणि लगेच, "नको, कागद कशाला वाया."
भाचा माझ्या माहितीत एकच. दुबईला असतो.
दाढी पिकलीय त्याची.

विश्रामबागेतल्या दातांच्या डॉक्टर आरवाडेबाई
पितळी भातुकली नेतात, सुटी सुटी.
आधी पोळपाट, मग शेगडी, मग बंब.
मूल नको होतं, असं त्याच एकदा सहज बोलून गेल्या.
मी विचारलं, शेगडीवर चहा होतो का खराच?
म्हणाल्या, होतो.
एका घोटाचा.

कंपनीचा गडेकर खुर्ची ओढून बसतो.
"काकू, लहान मुलांत आता दम नाही राहिला.
साचे सगळे चाळिशीच्या मापानं पडतात.
खोक्यावर वाचा, वय वर्षे चौदा व पुढे.
त्या 'पुढे'तच धंदा आहे."
खोटं कसं म्हणू?
मागच्या दिवाळीचं भाडं 'पुढे'नंच भरलं.
आणि मिरजेचा जो म्हातारा मला भोवरे करून द्यायचा
तो त्याच लेथवर आता सतारीच्या खुंट्या काढतो.

गल्ल्याशेजारी एक पत्र्याचा बेडूक असतो, विकायचा नाही.
पूर ओसरल्यावर गाळातनं निघाला.
चावी फिरते, उडी नाही.
पुण्याचे एक गृहस्थ चार हजार म्हणाले.
मोह झाला, फडकं घेतलं,
तर माझा हातच धरला त्यांनी.
"गंज राहू दे. गाळसुद्धा."
मग मात्र मी नाहीच म्हटलं.
त्यांनी चहूबाजूंनी फोटो काढले.

या महिन्याच्या मालात नवं खोकं आलं.
तसाच बेडूक, चौदा व पुढे, अठराशे रुपये,
पाठीवर गंज रंगवलेला,
पायांशी गाळाचा हात.
उडी मात्र झकास मारतो.

काल शिंप्याची ईश्वरी दहाची नोट मुठीत घेऊन आली, चेंडूला.
मी उगाच तिच्या हातात तो बेडूक दिला.
उडवला नाही तिनं.
पाठ नखानं खरवडत राहिली बराच वेळ.
"काकू, हे निघत नाही."
मग चेंडू घेतला
आणि चांगला आहे का बघायला भिंतीवर मारला.
काचेआडच्या सगळ्या एसट्या
जराशा हलल्या.