सदर : इतर

मांडवीकडे वळलात की दिसतेच,
विमा कंपनीचं विभागीय कार्यालय, पाच मजले, तोंड समुद्राकडे.
दर्शनी सहा खांब.
सातवा कमरेपाशी तुटलेला.
मला वाटलं ठेकेदार पळाला.
केळुसकर मॅडम हसल्या, "ती गंमत आहे, शिवलकर."
मोजमाप वहीत गंमत कुठल्या सदरात घालायची
ते काही सांगितलं नाही त्यांनी.

खांब पोकळ.
ठोकले तर उपड्या पिंपासारखे वाजतात.
वर कमान, तिचा भार कुणावरच नाही.
कमानीवर त्रिकोण, मधोमध फुटका,
आणि त्रिकोणावर कौलं,
एकच ओळ,
खाली ना वासा ना माणूस.
पाऊस येतो तेव्हा पागोळ्या मात्र पडतात,
अगदी खऱ्यासारख्या,
रखवालदाराच्या खुर्चीवर.

चौथ्या मजल्यावरची तिसरी खिडकी
खिडकी नाहीच. मागे लिफ्टचं यंत्र.
ओळीत भोक दिसू नये म्हणून निळी काच.
झुल्यावरून काचा पुसणारा रज्जाक फणसोपकर सांगतो,
सगळ्यात चांगला समुद्र तिच्यातच दिसतो,
जेटी, होड्या, भगवतीचा दीपस्तंभ,
आणि आतून बघायला जागाच नाही.
एक शिंजीर येतो रोज दहाच्या सुमाराला,
स्वतःशी कडाडून भांडतो,
जातो. हजेरीपटावर नाव नाही त्याचं.

कमानीचे दगड आले पुण्याहून,
सतरा, फायबरचे, खोक्यांत, आकडे घातलेले,
वरून जांभ्याचा रंग.
धोंडू घवाळीने एक उचलला, एका हाताने,
आणि इकडेतिकडे बघितलं
कुणी पाहिलं तर नाही ना, अशा चेहऱ्याने.
"ह्यो दगड? ह्येच्यापरीस माजा जेवनाचा डबा जड."
खाणीत सत्तावीस पावसाळे काढलेला माणूस.

त्या रात्रीचं मला ठाऊक आहे,
कारण बॅटरी मी धरली होती.
नववा, म्हणजे कळीचा, खोक्यातच राहिला.
जागेवर बसला तो खाणीतला,
घवाळीने तासलेला, अजून ओलसर.
जांभा कापताना मऊ असतो,
वारा लागला की निबर होत जातो,
माणसांचं उलट, असं तो कुठेतरी
परातीवर उभा राहून पुटपुटला.
मागून दोन लोखंडी कोन मारले.
वहीत लिहिलं : इतर.

सहा वर्षं झाली.
सोळा दगड होते तसेच आहेत,
लग्नाच्या फोटोतल्या पाहुण्यांसारखे.
नववा आधी काळा पडला, मग हिरवा,
गेल्या श्रावणात त्याला नेचा फुटला.
देखभाल विभागाचं पत्र :
एक घटक सदोष आढळतो, बदलून द्यावा.
मॅडम मुद्दाम पाहायला आल्या.
मान वर करून बराच वेळ उभ्या.
"हा एकच कसा जमला हो इतका?
बाकीच्यांना असा रंग का नाही दिला?"
मी चष्मा पुसत राहिलो.
पत्रावर उत्तर अजून दिलेलं नाही.

घवाळीला हल्ली दिसत नाही.
लेकीकडे असतो, चिपळूणला.
परवा फोन केलान, इकडचं तिकडचं,
मग एकदम, हळूच :
"भार आला काय रं त्येच्यावर कदी?"

काय सांगायचं.
मी फाटकापाशी होतो, दहा वाजून गेलेले,
शिंजिराचं भांडण संपलं होतं
आणि तो नेच्याच्या टोकाला लोंबकळत होता,
दगडावरून पाणी पीत.

आला, म्हटलं.
आत्ताच आला.