घटक चार: खेळतं भांडवल

समितीने विचारलं, एका व्याख्यानाची लांबी किती?
म्हटलं, शेजारच्या इमारतीचं ड्रिल
जेवायला थांबतं तेवढी.
कुणी हसलं नाही. इतिवृत्तात आलं: चाळीस मिनिटं.

चेंबूरला आमच्या गल्लीत पाडकाम चालू आहे.
दुपारी एकला मी कपाटात शिरते,
लग्नातल्या शालूंमध्ये माइक लटकवते,
आवाज घुमत नाही म्हणून,
आणि अख्ख्या ऑनलाइन पदवीला सांगते
की रोकड म्हणजे नफा नव्हे.

डॅशबोर्ड वेगळंच सांगतो.
एकशे बारांपैकी नव्वद जण
नवव्या मिनिटाला उठून जातात,
जिथे मी व्याख्या दुसऱ्यांदा वाचते.
मीही गेले असते.

एक थांबते. रेहाना मुकादम.
अब्दुल रहमान स्ट्रीट, चुलत्याचं दुकान,
झिपा, बटणं, इलॅस्टिक.
रात्री दीडला लॉगिन, फोन भावाचा.
तेच मिनिट पाच वेळा मागे नेते.
मला वाटलं, मुलगी जरा मंद आहे.
वाटलं होतं, ते इथे लिहून ठेवते.

मग चाचणी. प्रश्न सहावा:
उधारी सरासरी किती दिवसांत वसूल होते?
तीस, पंचेचाळीस, साठ.
तिने कशावरच खूण केली नाही.
शंकांच्या चौकटीत लिहिलं:

मॅडम, कुठलं गिऱ्हाईक?
उल्हासनगरचा जीन्सवाला सीझन संपल्यावर देतो.
धारावीचा दर शनिवारी, सुट्टे.
एक मयत झाला, त्याचा मुलगा अजून फेडतोय.
सरासरी काढली
तर त्या दिवशी कोणीच येत नाही.

यंत्राने शून्य दिलं.

बावीस वर्षं मी सरासरी शिकवतेय.

त्या रात्री घटक चार उसवला.
तिला विचारून, नावं बदलून,
तिची वही आणली सुरुवातीला. सात मिनिटं, बस.
व्याख्या शेवटी, जेवणं उरकल्यावर आलेल्या पाहुण्यासारखी.
सहाव्याचे पर्याय पुसले,
खाली चार रेघा सोडल्या.

समिती म्हणाली, रेघा तपासणार कोण?
पुढच्या वर्षी बाराशे मुलं आहेत, तुम्ही एकट्या.
प्रश्न रास्त आहे.
माझ्याकडे उत्तर नाही, नुसत्या रेघा आहेत.

एक वाजला. ड्रिल थांबलं.
शालू सारून मी घसा खाकरते:

समजा, एक माणूस गेला
आणि त्याची उधारी चालू आहे.