राहून राहिलो

मिरजेहून आणलं ते एवढंच: दोन बॅगा, एक इस्त्री.
भांडी नकोत, नीलिमा म्हणाली होती,
घरात सगळं आहे.
आहेच.
त्रिमूर्तीनगर, दुसरा मजला,
प्रत्येक खुंटीला आधीपासून काहीतरी लटकलेलं.
महिनाभर माझा टॉवेल
खुर्चीच्या पाठीवर वाळला.

पहिल्याच आठवड्यात निरोप: येताना सांबार आणा.
आणलं. मसाल्याच्या दोन पुड्या, ताज्या तारखेच्या.
शर्वरी हसत हसत ओट्याला टेकली, मग खालीच बसली.
इथं कोथिंबिरीला सांबार म्हणतात.
खरबूज म्हणजे डांगर, शेंगदाणे म्हणजे फल्ली.
बावीस वर्षं मराठीचा मास्तर मी,
भाजीवाल्यापुढं बोटानं दाखवतो,
आणि बोटानं दाखवलं की जुडी बारकी मिळते.

वरणात चिमूटभर गूळ टाकला एकदा.
बाबूजींनी वाटी उचलली, वास घेतला,
परत ठेवली.
काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.
बाबूजी नीलिमाचे वडील नव्हेत,
प्रफुल्लचे.
प्रफुल्ल भिंतीवर आहे, देवघराच्या डावीकडं.
सकाळी दाढी करून बाहेर आलो
की पहिली नजर त्याची.

शर्वरी मला काहीच म्हणत नाही.
म्हणजे बोलते, भरपूर बोलते,
पण वाक्य असं जुळवते की हाक मारायला जागाच उरत नाही:
फोन वाजतोय.
चहा गार होईल.
कुणाची तरी चप्पल दारात आडवी आहे.
एवढा सफाईदार प्रयोग
माझ्या एकाही विद्यार्थ्याला साधला नाही.

मग मे लागला.
पारा सत्तेचाळीसवर, आणि कूलर
घरातल्या पाचव्या माणसासारखा, सगळ्यांत तहानलेला.
नळ पहाटे पाचला. बारा बादल्या.
पाइप आहे, पण तोटीवर बसत नाही,
सुतळी बांधून बसवायचा म्हणे तो.
कशी बांधायचा, कुणाला आठवत नाही.
आठवत असेल तरी मला सांगत नाहीत.
म्हणून बादल्या. म्हणून कंबर.
एकदा सहाव्या बादलीला मी मोठ्यानं म्हणालो,
मिरजेत पंख्यावर भागायचं!
आतून नीलिमा: मग जा ना मिरजेला.
दुपारी तिनंच पाठीला मलम चोळलं,
जरा जोरातच.

ती दुपार. पडदे ओढलेले, बाहेर चिटपाखरू नाही.
कूलरचं पाणी संपलं, पंप कोरडा घरघरू लागला.
बाबूजी अर्धवट झोपेत ओरडले,
प्रफुल्ल, पंप बंद कर बे!

स्वयंपाकघरात लाटणं थांबलं.
शर्वरीनं मोबाइल उलटा ठेवला.
मी म्हणालो, करतो.
उठलो. केला.
कोरड्या पंपाची गोष्ट होती,
आणि दुसरं कुणी जवळ नव्हतं.

संध्याकाळी बाबूजींनी डांगराची फोड
माझ्या ताटलीत सरकवली. बिया काढलेली.
आणि दुसऱ्या दिवशी पहाटे
बनियनवर, काठी टेकत, नळापाशी हजर.
सुतळी आधी ओली करा लागते मास्तर,
कोरडी सुतळी धरत नाही.
त्यांचा हात थरथरत होता, म्हणून एक टोक मी धरलं.
पाइप बसला.
पाणी टाकीत पडायचा आवाज
आम्ही दोघं उगाच ऐकत उभे राहिलो.

रात्री नीलिमाला म्हटलं, जमून राहिलं बहुतेक.
जमून राहिलं काय, ती म्हणाली,
बोलता तर येऊन नाही राहिलं अजून.
पण हसली. टॉवेल आता खुंटीवर असतो,
तिच्या ओढणीखाली, निम्मा चुरगळून.

काल शर्वरी फोनवर, खिडकीशी, मैत्रिणीला:
कोण, ते? ते कूलर भरून राहिले.
ते.
पाइप हातात धरून मी तसाच उभा.
नामाऐवजी येतो तो शब्द, सर्वनाम,
पाचवीच्या वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल,
इतकं नीट कधी
ऐकलं नव्हतं.

पाणी सांडून राहिलं ना! आतून ओरडली ती.
आणि खरंच, गॅलरीभर.