वरून खाली

माझी गच्ची तीन पावसाळे गळते आहे
आणि ती दोनदा दुरुस्त करून तशीच गळती ठेवणारा माणूस
एसटीत माझ्या शेजारी घोरतो आहे,
तळ्याच्या फाट्यापासून.
दाऊद उलडे, गवंडी. जन्म मांदाडचा,
पण कुड्याची लेणी न पाहिलेला;
शाळेची सहल निघाली तेव्हा त्याला गोवर आला होता.
मी म्हटलं होतं, चल, एक गच्ची दाखवतो
दोन हजार वर्षं टिकलेली.
तो म्हणाला, बघू. मजुरी काय घेतलेली तिची?

चढ तसा फार नाही.
खाली राजपुरीची खाडी, ओहोटीची,
चिखलात कुशीवर पडलेली एक होडी,
कांदळवनात काहीतरी पांढरं, बगळा किंवा पिशवी.
करवंदीच्या जाळीत दाऊदची चप्पल तुटली.
ती हातात घेऊनच तो आत शिरला
आणि वर बघत राहिला.

मी सांगत होतो, इथे दान देणाऱ्यांची नावं आहेत,
कुणी माळी, कुणी वैद्य,
कुणी लोखंड विकणारा.
तो ऐकत नव्हता. त्याने खांबावर टिचकी मारली,
कान लावला, कलिंगड घेताना लावतात तसा.
मग विचारलं: परांची कुठे बांधली असेल?

बांधलीच नाही. आधी छत.
डोंगराला वर एक फट पाडायची,
तिच्यात वाकून शिरायचं, छत पुरं करायचं,
मग पायाखालचा कातळ
वीत वीत खाली न्यायचा.
जमीन सगळ्यात शेवटी.
परांची म्हणजे अजून न फोडलेला डोंगर.

दाऊद खाली बसला.
चाळीस वर्षं तो खालून वर गेला आहे:
पाया, जोतं, चिरे, स्लॅब.
चुकलं तर गिलावा आहे. गिलाव्याखालचं
अल्लाला ठाऊक आणि दाऊदला.
इथे एक घाव जास्त बसला तर खांब बारीक,
मग बाकीचे सगळे खांब बारीक करत बसा.

"म्हणजे जोडलेलं कायच नाय," तो म्हणाला,
"नुसतं काढलंय."
आणि बऱ्याच वेळाने:
"काढलेलं गेलं कुठं?"

मला हे कधी सुचलंच नव्हतं.
इतक्या खोल्या, म्हणजे तेवढाच दगड
टोपलीटोपलीने बाहेर आला असणार.
आम्ही खाडीकडे पाहिलं, शेतांच्या बांधांकडे,
ज्या धोंड्यांवर पाय देत वर आलो त्यांच्याकडे.

दाराच्या माथ्यावर कातळाची ओठासारखी कड पुढे आलेली.
तिच्याखाली त्याने बोट फिरवलं.
"पाणी इथं तुटतं. आत वळत नाय."
माझ्याकडे न बघता म्हणाला.

पलीकडे एक खोली अर्धवट राहिली आहे.
छिन्नीच्या तिरक्या रेघा
भिंतभर चालत येतात आणि थांबतात.
दाऊदने चप्पल खाली ठेवली,
उजव्या हाताने हवेत घाव घालून पाहिला.
रेघ जुळेना. मग डाव्या हाताने.
"डावरा होता," तो म्हणाला,
वाडीतल्या कुणाबद्दल सांगावं तसं.
"आणि इथून पुढं हात दुखायला लागला त्याचा.
बघा ना, रेघ उथळ झालीय."
मी पाहिलं. मला सगळ्या सारख्याच दिसल्या.

टाक्याजवळ आम्ही डबा खाल्ला,
तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी.
तेव्हा कुठे त्याने कबूल केलं
की माझ्या गच्चीला उतारच कमी दिला होता,
दोन्ही वेळा. वरचं सगळं फोडावं लागेल.
फोडायचे पैसे घेणार नाही, म्हणाला. सिमेंट तुमचं.

परतीच्या एसटीत तो झोपला नाही.
उजवा हात खिडकीच्या गजावर,
आणि मांडीवर डावा, ज्याने तो कधी
करणीही धरत नाही,
हळूहळू मिटत होता, उघडत होता.