साडेचार मीटर

पीर्णचा रस्ता इथून जाणार होता.
सत्त्याऐंशी साली बाबांनी सही दिली,
पोर्तुगीज शाळेतली, लांब शेपटीची,
आणि चिऱ्यांचा गडगा आत घेतला.
रस्ता मग गेला तळ्यापलीकडून.

उरली ही पट्टी.
एक-चौदाच्या उताऱ्यावर 'सार्वजनिक रस्ता',
जमिनीवर टायकिळा, एक भेरली माड
आणि कायतानची मेलेली रिक्षा.

बारा वर्षं अर्ज घालतोय.
म्हापशाच्या कचेरीतली बाई म्हणाली,
रस्ता नाही, याचा पुरावा आणा.
मी फोटो नेले टायकिळ्याचे.
यात तारीख दिसत नाही, म्हणाली.

शेवटी फळारी आला मोजणीला,
तीन पायांचं यंत्र घेऊन.
एका डोळ्याने तासभर बघितलं,
पाणी प्यायला, गूळ नको म्हणाला.
तुम्ही समजता तिथे पट्टी नाहीच.
आणि चुन्याची रेघ मारत गेला
माझ्या सोप्यातून, आरामखुर्चीखालून,
थेट तुळशीला लागून.

तिन्हीसांजेला कायतान आला.
रेघेपाशी घुटमळला,
चपला काढू की नको.

ये तसाच, म्हटलं.
रस्ताच आहे.