भुरीवरचं औषध

मणेराजुरीच्या बागेत, फटफटायच्या आधी,
इलाही मुलाणी डब्याची चिठ्ठी माझ्यापुढं धरतो.
अक्षरं मुंगीएवढी. त्याचा चष्मा मिरजेत, दुरुस्तीला.
"तू लॅबात असतीस. सांग, ह्ये नेमकं मारतंय कशानं?"

मी सुरू करते आणि अडखळते.
आठवीत पाठ केलेला शब्द, तंतुकणिका,
दवात भिजून जड झालाय.

"चाचा, भुरीच्या पेशीपेशीत एक चक्की असते."
"पिठाची?"
"श्वासाची. तिथला एक कामगार
सक्सिनेटच्या अंगावरचं ओझं उतरवतो
आणि शेजारच्याच्या हातात देतो. रात्रंदिवस.
हे औषध त्याला मारत नाही.
शेजारचा ज्या पाटावर येऊन ओझं घेतो
त्या पाटावर आधीच जाऊन बसतं."
"आन् उठत न्हाई."
"नाही उठत."
"सोसायटीच्या चेअरमनगत."

तो टोपणानं मापतो, एक थेंब सांडत नाही.
टाकीतलं पाणी दुधाळ होतं.
मग पाठमोराच विचारतो,
"ही चक्की द्राक्षात बी?"
आहे.
"ह्या कुत्र्यात?"
आहे.
"माज्यात?"

घडांवर पांढरी राख. तारांवरून
दव टपकतंय, एका तालात नाही.

"आहे, चाचा. पाटाचा आकार तेवढा जरासा वेगळा."
"जरासा म्हंजी किती?"

मला आकडा येतो. मायक्रोमोलमध्ये येतो.
इथं उभं राहून तो तोंडातून निघत नाही.
आणि हेही सांगायचं राहतं
की कुठल्याशा बागेत एखादी भुरी
त्या पाटाची एकच ढलपी बदलून घेते,
औषधाला बसता येत नाही, ते उभंच राहतं,
आणि चक्की फिरत राहते.

तो हसतो. पंचा नाकावर ओढतो,
दोन पदरी.
थांबतो. तीन पदरी.
ब्लोअर सुरू होतो आणि धुक्यात
आणखी एक धुकं मिसळतं.

काढणीच्या आठवड्यात सांगलीत नमुना येतो.
पडद्यावर टेकाड उगवतं, बुटकं,
मर्यादेच्या बरंच खाली. मी सही करते.

पिशवीच्या तळाशी, घडाखाली,
चार बोटं रुंद पंच्याची चिंधी निघते, घडी घातलेली.
सोबत कागद नाही.

फॉर्मवर पिकाचं नाव लिहायचा रकाना आहे.
मी पेन उघडते, बंद करते,
चिंधी डबीत घालते
आणि उणे वीसवर, द्राक्षांशेजारी, ठेवून देते.